‘खरं’ म्हणजे ‘पण’

पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळच्या प्रार्थनेला, साठेक पोरांसमोर उभं राहून मी हात जोडले आणि दुपारभर घोकलेलं कानडी वाक्य म्हटलं: ‘प्रार्थने हेळोण’. म्हणजे प्रार्थना म्हणू या. निदान मला तसं म्हणायचं होतं. तोंडातून बाहेर पडलं ते ‘हेलोण’. त्याचा अर्थ इथं लिहिण्यासारखा नाही. सकाळी टमरेल घेऊन रानात जाण्याशी त्याचा संबंध आहे, एवढं सांगतो.

मागच्या रांगेतून आधी नाकात दाबलेला आवाज आला. मग मधल्या रांगेतून. मग सगळं चॅपेलच फुटलं. स्वयंपाकाच्या अक्कांनी पदर तोंडात कोंबला. फादरांनी डोळे मिटून घेतले, पण ते प्रार्थना करत नव्हते हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. मला काय झालंय तेच कळेना. हसतायत म्हणजे ऐकू आलं नसेल, असं वाटून मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

दोष माझा, आणि थोडासा माझ्या गावाचा. मी उत्तनचा, भाईंदरच्या पश्चिमेला अगदी समुद्राच्या कडेचा. आम्ही ख्रिस्ती कोळी. घरात आम्ही ‘कोली’च म्हणतो. मासळीला मासली, डोळ्याला डोला, काळ्याला काला. शाळेत बाईंनी ‘ळ’ घटवून घेतला होता, वहीत तो गोलमटोल यायचा. जिभेवर मात्र पाहुण्यासारखा यायचा आणि घाई झाली की न सांगता निघून जायचा. मराठीत त्यानं कुणाचं काही अडलं नाही, फार तर लोक हसायचे. कानडीत मात्र ‘हेळु’ म्हणजे बोल आणि ‘हेलु’ म्हणजे ते.

मी येशूसंघात, म्हणजे जेझुइट फादरांच्या संघात, आहे. तिथं आमच्या शिक्षणाला बरीच वर्षं लागतात. आधी दोन वर्षं नॉव्हिशिएट, म्हणजे नवशिक्यांची तयारी, मग व्रतं, मग पदवी, तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञान संपलं की ईशज्ञानाला, म्हणजे धर्मशास्त्राला, बसण्याआधी दोन वर्षं कुठंतरी कामाला पाठवतात. त्याला रीजन्सी म्हणतात. तेव्हा तुम्ही फादर नसता, पण साधे विद्यार्थीही नसता. लोक ‘ब्रदर’ म्हणतात, मुलं ‘सर’ म्हणतात, आणि पंखा बंद पडला की सगळे तुमच्याकडे बघतात. मी गोवा प्रांतात दाखल झालेला. त्या प्रांताचं काम उत्तर कर्नाटकातही आहे. जून २०२२ मध्ये मला खानापूर तालुक्यातल्या एका बोर्डिंगवर पाठवलं.

मी खूश होतो. बेळगाव म्हणजे आपलंच, तिथं सगळे मराठीच बोलतात, अशी माझी पक्की समजूत होती. स्टेशनबाहेरचा रिक्षावाला मराठी बोलला. चहावाला मराठी बोलला. मग बसस्टँडवर गेलो तर समोर लाल बसची रांग आणि प्रत्येक बसच्या कपाळावर कानडी. तत्त्वज्ञानाचा पदवीधर मी, हातात पत्र्याची ट्रंक, आणि बस कुठं जाते ते वाचता येत नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, “मी पण खानापूरलाच जातो, चला.” मी मागं वळून पाहिलं. मला वाटलं, त्या नवऱ्याचं वाक्य म्हणून दाखवतायत. पुढं कळलं, तिकडं बायकाही ‘मी जातो, मी आलो’ म्हणतात. मराठी होतं, पण माझ्या ओळखीचं नव्हतं.

बोर्डिंगमध्ये तीन भाषा नांदत होत्या. घाटाकडची पोरं, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या वाटेवरची, मराठी. बैलहोंगल, कित्तूरकडची कानडी. लोंढ्याकडची चार-पाच कोकणी. सोमवारी प्रार्थना कानडीत, मंगळवारी मराठीत, अशी आळीपाळी, आणि रविवारी धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, जुन्या गोंयकार (गोव्याकडच्या) कुटुंबांसाठी कोकणी भजनं. म्हणजे एकाच मारियेला आठवड्यातून तीन तऱ्हांनी हाक. ‘नमो मारिया’ आमचं. ‘नमान मारिये, कृपेन भरलेले’ कोकणी. ‘नमो मरिया, वरप्रसाद पूर्णे’ कानडी. मी सगळं देवनागरीत वहीत उतरवून घेतलं आणि पाढ्यांसारखं पाठ केलं. अर्थबिर्थ नंतर.

‘हेलोण’ प्रकरणाच्या रात्री फादरांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता समजावणार. त्यांनी कुंद्याचा डबा पुढं केला आणि झेवियरची गोष्ट सांगितली. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि थोड्याच महिन्यांत दक्षिणेला मोत्यांच्या किनाऱ्यावर गेले. तमिळ येत नव्हती. तिथल्या लोकांकडून त्यांनी ‘श्रद्धेचा अंगीकार’, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’ असं म्हणत जाणारी प्रार्थना, भाषांतर करून घेतला, पाठ केला आणि गावोगाव म्हणून घेतला. पुढं लक्षात आलं की ‘मी विश्वास ठेवतो’ असं जिथं हवं तिथं ‘मला पाहिजे’ असं पडलंय. मग आपल्या सोबत्याला पत्र लिहून त्यांनी ती चूक सुधारायला लावली. “तोपर्यंत लोक देवासमोर उभं राहून मला पाहिजे, मला पाहिजे म्हणत होते,” फादर म्हणाले, “आणि देवाला त्यात फार चुकीचं वाटलं नसावं.” मी कुंदा खाल्ला. लाज गेली नाही, पण भूक लागली होती हे लक्षात आलं.

‘ळ’ मात्र शिकवला तो अक्कांनी. त्या बैलहोंगलकडच्या. त्यांची मराठी माझ्या कानडीइतकीच, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. पहाटे ध्यानाचा तास आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली रोजची उपासना, झाली की मी स्वयंपाकघरात पाणी भरायला जायचो. त्या ज्वारीची रोटी थापत बसलेल्या असायच्या. तो आवाज मला फार आवडायचा, परातीवर ओल्या तळव्याची लयीत पडणारी थाप. पीठ फिरत फिरत पातळ होत जातं आणि कड कुठंही फाटत नाही. एक दिवस त्या म्हणाल्या, “हेळ्री.” मी म्हणालो, “हेल्री.” त्यांनी मान हलवली. तव्यावरच्या रोटीखाली बोटांची टोकं घातली, कड हलकेच वर उचलली आणि उलटी दुमडली. मग आपल्या तोंडाकडे बोट केलं. जीभ अशी. दातांना लावायची नाही, कड उचलून मागं न्यायची. ‘ळ’ टाळ्याला लागतो आणि सुटताना खाली पडतो, हे मला सव्विसाव्या वर्षी ज्वारीच्या रोटीवरून कळलं. महिनाभर रोज सकाळी मी पाणी ओतता ओतता ‘हाळु, केळु, हेळु, बाळु’ म्हणत होतो. अक्का मधूनच ‘हां’ म्हणायच्या किंवा नुसतंच लाटणं आपटायच्या.

आता पावसाचं सांगतो, कारण विश्वासाचं सांगायचं तर तिथूनच सुरू करावं लागेल.

आम्हाला पावसाचं काय कौतुक? आमच्याकडे जून-जुलै म्हणजे मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणायची, लग्नाच्या गप्पा. पाऊस म्हणजे बाप घरी असण्याचे दिवस. खानापूरचा पाऊस तसा नाही. मलप्रभा याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि जुलैमध्ये ती खानापूरच्या पुलाखालून तांबडी होऊन जाते. दिवसचे दिवस सूर्य नाही. वीज गेली की तीन-तीन दिवस नाही. गादीला बुरशी, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, बायबलच्या पुठ्ठ्यावरही पांढरी बारीक लव. पहाटे पाच वाजता मी चॅपेलमध्ये मेणबत्ती लावून बसायचो. नॉव्हिशिएटमध्ये ध्यान म्हटलं की कसं भरून यायचं. इथं बेडूक ओरडायचे आणि मी. मध्ये कुणी नाही.

आमच्यात दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करायचं असतं, दुपारी आणि रात्री. दिवस उलटून पाहायचा, देव कुठं भेटला ते शोधायचं. माझ्या त्या महिन्यांच्या वहीत काय आहे? ‘सकाळी उप्पीट करपलं. दोघांना ताप. जनरेटरला डिझेल नाही. आज कुणाशीही मनातलं बोललो नाही.’ एका पानावर नुसतंच ‘सुके बोंबील’ लिहिलंय. आज वाचून हसू येतं, पण त्या रात्री मला खरोखरच देवापेक्षा बोंबील हवे होते. घरामागच्या बांबूच्या मांडवांवर टांगलेले, वाऱ्यावर हलणारे, ऊन लागून कडक होत जाणारे. तो वास आठवला आणि मी चॅपेलमधून उठून गेलो.

या काळात एक गंमत झाली. मराठीत प्रार्थना करायला बसलो की मला माझंच बोलणं ऐकू यायचं. ‘प्रभू, मला बळ दे’ म्हटलं की आतून कुणीतरी म्हणायचं, हे तू मागच्या रविवारी प्रवचनात म्हटलंस ना? शब्द झिजले होते. कानडीत तसं होईना. ‘नमो मरिया, वरप्रसाद पूर्णे’ म्हणताना सगळं लक्ष पुढचा शब्द काय, जीभ कुठं टेकवायची, यातच. स्वतःकडे बघायला सवड नाही. जपमाळेचे पन्नास मणी संपले की कळायचं, अरे, पंधरा-वीस मिनिटं मी स्वतःबद्दल काहीच विचार केला नाही. याला प्रार्थना म्हणायचं का, हे मी फादरांना विचारलं. ते म्हणाले, “मला काय माहीत? चालू ठेव.” त्यांच्या या ‘मला काय माहीत’वर मी दोन वर्षं काढली. मोठमोठ्या उत्तरांपेक्षा बरं होतं ते.

दुपारनंतर माझं दुसरं काम. आठवड्यातून तीन दिवस मोटारसायकलनं आडवाटेच्या गवळीवाड्यावर जायचं आणि अंधार पडेपर्यंत मुलांचा गणिताचा अभ्यास घ्यायचा. धनगर-गवळ्यांची घरं, म्हशी, शेणाचा आणि ताकाचा वास. तिथली म्हातारी मला रोज एकच प्रश्न विचारायची, “बाळा, तुझं लगीन कवा?” मी व्रताचं सांगायचो. ती म्हणायची, “व्हय की. खरं, कवा?”

इथं ‘खरं’बद्दल सांगायला हवं. त्या भागात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘येणार होतो, खरं पाऊस आला.’ पहिले काही महिने मी दरवेळी थबकायचो. कुणी ‘खरं’ म्हटलं की आता काहीतरी सत्य बाहेर पडणार म्हणून कान टवकारायचो आणि बाहेर पडायची ती सबब. ‘गृहपाठ केला होता सर, खरं वही म्हशीनं खाल्ली.’ त्यातली म्हैस मात्र खरी होती. वही मी स्वतः पाहिली.

गवळीवाड्याच्या वाटेवर एकदा मला अडवलं. त्याचं सांगायचं टाळणार होतो.

मी कर्नाटकात आलो त्याच्या महिनाभर आधी, मे २०२२ मध्ये, धर्मांतराविरुद्धचा वटहुकूम निघाला होता. सप्टेंबरात त्याचा कायदा झाला. धर्म बदलायचा तर ३० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचं, वगैरे. मला त्याचा थेट काही संबंध नव्हता. मला बाप्तिस्मा देण्याचा अधिकारच नव्हता आणि मी शिकवत होतो त्रैराशिक. उत्तनला लोक विचारायचे, “किती जणांना ख्रिस्ती केलंस?” मी म्हणायचो, “एकाला. अजून चालू आहे.” कुणाला कळायचं नाही. पण वातावरणात काहीतरी होतं. गळ्यात क्रूस घातलेला परगावचा माणूस रोज रानात जातो म्हटल्यावर लोक बघणार.

चार तरुण पाणंदीत उभे होते. “कुठं जाऊलास? पिशवीत काय हाय?” आवाज चढलेला नव्हता, उलट फार शांत होता. मी पिशवी दिली. त्यांनी पाढ्यांची पुस्तकं एकेक करून चाळली, प्रत्येक पान, जणू सव्वीसच्या पाढ्यात काही लपवलेलं असेल. मग खालची वर्तमानपत्राची पुडी निघाली. आईनं गाववाल्याच्या हाती धाडलेले बोंबील. जाता जाता वाटेतल्या एका गोंयकार म्हातारीला द्यायला नेत होतो, कारण मासळीच्या आठवणीनं तिचेही डोळे भरायचे. एकानं पुडी सोडली आणि वासानं दोन पावलं मागं गेला. दुसरा म्हणाला, “अरे, हे सुकट.” तिसऱ्यानं नाक दाबून मला जायला सांगितलं, “खरं, पुन्हा दिसू नकोस” असं बजावून.

लोकांना ही गोष्ट सांगितली की बोंबलांनी वाचवलं म्हणून हसतात. मीही हसतो. जे सांगत नाही ते असं: लांबून ते चौघं दिसले तेव्हाच मी एका हातानं गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत टाकला होता. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला. त्या रात्रीच्या आत्मपरीक्षणात देव कुठं भेटला ते सापडलं नाही, मी कुठं पळालो ते सापडलं. आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया आठवला. आईच्या देव्हाऱ्यातल्या फोटोतला. जपानी इतकं चांगलं बोलायचा की फ्रान्सिस्कन मंडळींनी त्याला दुभाषा म्हणून बरोबर नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये तो संत झाला. त्याचा ‘ळ’ कसा होता ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. क्रूस शर्टात टाकावासा त्याला कधी वाटलं का, तेही नाही. दोन दिवसांनी मी परत गवळीवाड्यावर गेलो. धैर्य आलं होतं असं नाही. मुलांची चाचणी होती.

१ नोव्हेंबर तिथं एकच तारीख नसते. १९५६ मध्ये त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव मैसूर राज्यात गेलं. त्यामुळे बेळगावात एकीकडे राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे, राणी चन्नम्मा चौकात मुंगीला शिरायला जागा नाही. दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिन, काळ्या फिती, सायकल फेरी. २०१४ मध्ये बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं तेही त्याच तारखेला. आणि चर्चच्या पंचांगात तो सर्व संतांचा सण. आमच्या बोर्डिंगमध्ये तिन्ही गोष्टी एकाच जेवणघरात यायच्या. त्या वर्षी सकाळी नववीतला एक पोरगा लाल-पिवळी पट्टी मनगटाला बांधून आला, आणि घाटाकडच्या दोघांनी शाईनं काळा केलेला हातरुमाल दंडाला बांधला. दुपारपर्यंत एक ताट फुटलं, एक ओठ फुटला.

संध्याकाळच्या मिस्सेला भाषा कोणती, यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. फादर बाहेरगावी एका घरी गेले होते, ते वेळेवर पोचणार होते, पण गाणी-प्रार्थना माझ्याकडे. मी काही शहाणपणाचं केलं नाही. मला सुचलं ते सोपं होतं: संतांची आळवणी. तिच्यात भाषा फारशी लागतच नाही. संतांची नावं सगळीकडे तीच. एकानं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायचं. मी नाव घेतलं की घाटाकडची रांग मराठीत म्हणायची, बैलहोंगलची ‘नमगागि प्रार्थिसिरि’ आणि लोंढ्याची कोकणीत. पहिली दहा-बारा नावं नुसता कल्लोळ. प्रत्येक रांग दुसरीवर आवाज चढवतेय. पेत्र, पौल, आंद्रेय, योहान. मग मुलं दमली. आळवणी लांबलचक असते, तिचा तो एक गुण. मध्यावर आवाज उतरले, आणि शेवटी तिन्ही वाक्यं एकत्र संपायला लागली, कुणी ठरवलेलं नसताना. गोन्सालोचं नाव मी मधेच घुसवलं. अक्कांनी ‘र्री’ लांबवत सर्वांत शेवटी संपवलं.

यानं काही मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या तिघांनी पुन्हा एकमेकांच्या वह्या फेकल्या. डिसेंबरात तर सीमाप्रश्न पुन्हा पेटला, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, एसट्या बंद झाल्या. आई नाताळला यायची होती. फोनवर म्हणाली, “थय आपलीच भाषा बोलतान ना? मंग दगड कोनावर मारतान?” तिला काय सांगणार. मला स्वतःलाच ते नीट सांगता येत नव्हतं. बोर्डिंगच्या खिडकीतून ज्या बसेस दिसायच्या त्यांत दोन्ही भाषांचे लोक शेजारी शेजारी बसलेले, एकमेकांच्या मांडीवर पिशव्या ठेवून. ती आली नाही. नाताळच्या रात्री मी तिसऱ्या मिस्सेच्या गर्दीत प्रसाद वाटत होतो तेव्हा खिशातला फोन वाजून वाजून थांबला.

दुसरं वर्ष सोपं गेलं म्हणून त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बसच्या पाट्या वाचता यायला लागल्या. ‘ळ’ पडायला लागला. कुणी ‘ऊटा आत्?’, म्हणजे जेवण झालं का, असं म्हटलं की न थांबता उत्तर जायचं. बुरशीला घाबरायचं नाही, कडुनिंबाचा पाला ठेवायचा, हे कळलं. फक्त एक रात्र सांगायची आहे.

जुलै २०२३. पाचवीत नवीन आलेला चोर्ल्याच्या बाजूचा एक पोरगा, जेवणानंतरच्या मोजणीत नव्हता. संडास, विहीर, भातखाचरं, सगळीकडे बॅटरी मारून झाली. विहिरीत बॅटरी मारताना माझे हात कसे होते ते सांगता येत नाही. फादर एका दिशेला गेले, मी खानापूरच्या स्टँडकडे. पाऊस ठिबकत होता. शेवटची गाडी कधीच गेलेली. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर तो बसला होता, दप्तर पोटाशी धरून, चपला हातात. त्याला ओरडायचं ठरवून मी गेलो होतो. जवळ गेलो तर त्यानं सरकून बाकावर जागा केली. मी बसलो.

कोपऱ्यावरचा गाडेवाला कढई उतरवायच्या बेतात होता. त्याच्याकडून मिरची भजी घेतली, तिखट नसलेल्या दोन बघून द्यायला सांगितलं. पोरानं खाल्ल्या. नाक पुसलं. बराच वेळ आम्ही रिकाम्या फलाटाकडे बघत होतो. एका लाल बसची काच उघडी राहिली होती आणि पाऊस सीटवर पडत होता.

मी विचारलं, “घरी जायचं होतं?”

तो म्हणाला, “जायचं होतं सर, खरं...”

मी वाट पाहिली. आता सवयीनं माहीत होतं, ‘खरं’नंतर सबब येते. गाडी चुकली, पैसे नव्हते, अंधाराची भीती वाटली. काहीच आलं नाही. त्याचं वाक्य तिथंच संपलं होतं. जायचं होतं, खरं. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या वहीतल्या दोन पावसाळ्यांच्या पानांवर मी हेच लिहीत होतो, फक्त लांबलचक करून. मला जायचं होतं. पहिल्या जुलैत, बोंबलांच्या रात्री, पाणंदीतून परतल्यावर, नाताळला. दरवेळी जायचं होतं, आणि दरवेळी सकाळी मी पाणी भरायला उभा होतो. मध्ये काय घडलं ते मला सांगता येत नाही. लोक त्याला पाचारण म्हणतात, कृपा म्हणतात. त्या रात्री मला त्या पोराचा शब्द जास्त बरोबर वाटला.

परतताना तो मोटारसायकलवर मागं बसून झोपला. त्याचं डोकं माझ्या पाठीवर आदळत होतं म्हणून मी एका हातानं त्याचा दंड धरला आणि दुसऱ्यानं गाडी हाकली. दारात अक्का कंदील घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या एक ठेवून दिली आणि मग त्याला जवळ घेतलं. मलाही एक बसली असती, वय आड आलं.

मे २०२४ मध्ये रीजन्सी संपली. निघायच्या आदल्या रात्री ट्रंक भरत होतो. कानडी प्रार्थनांची देवनागरीत उतरवलेली वही, पिवळी पडलेली. गवळीवाड्यावरच्या म्हातारीनं दिलेली तुपाची बाटली, बूच दोऱ्यानं बांधलेलं. अक्कांच्या शेंगा चटणीचा डबा. आईचा फोन आला. सगळं घर मागं गोंगाट करत होतं. होड्या दोन आठवड्यांत किनाऱ्याला लागणार होत्या, बाबा घरी असणार होते.

“सुटलास एकदाचा,” ती म्हणाली. “डोल्यांत तेल घालून वाट बगतंय. मासली आनून ठेवतंय. ये ना रं लवकर.”

“डोळ्यांत,” मी सवयीनं म्हणालो.

ती थांबली. “क्या बोललास?”

“काही नाही गं आये. यायचंय मला, खरं...”

“खरा काय?” ती म्हणाली. “खरा काय तां सांग ना.”